'पॅरायटल' : भिंतीच्या एका शब्दाची कुळकथा

गेल्या पावसाळ्यात आमच्या पालि-वर्गातील एक विद्यार्थिनी शिलाश्रयांतील चित्रकलेविषयीच्या एका इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर करीत होती. त्या लेखात 'पॅरायटल आर्ट' हा शब्दप्रयोग वारंवार आला होता. घरी वैद्यकाचे शिक्षण घेणारा भाऊ असल्याने तिने त्याला विचारले. त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "पॅरायटल म्हणजे कवटीचे हाड." त्याप्रमाणे 'कवटीच्या हाडावरील कला' असे भाषांतर करून ती आमच्याकडे आली. तिच्या मनात शंका होतीच. भाऊ चुकला नव्हता आणि लेखकही चुकला नव्हता. एकच शब्द दोन भिन्न ठिकाणी राबत होता. दोन्ही ठिकाणचा त्याचा मूळ अर्थ मात्र एकच होता : भिंतीचा, भिंतीशी संबंधित.

आम्ही तिच्यासमोरच इंग्रजी शब्दकोश उघडला. 'पॅरायटल' सापडण्यापूर्वी, त्याच्या किंचित वर, दुसऱ्या एका शब्दावर दृष्टी गेली. तो शब्द 'पॅराया', म्हणजे बहिष्कृत. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात तमिळ देशातून गेला. 'परै' म्हणजे ढोल. तो वाजविणाऱ्या समाजाचे 'परैयर' हे नाव इंग्रजांनी उचलले आणि पुढे जगातील कोणत्याही वाळीत टाकलेल्या माणसाला ते लावले. एक शब्द भिंतीच्या आतल्याचा आणि दुसरा भिंतीबाहेर ठेवलेल्याचा, असे ते दोघे कोशाच्या पानावर जवळजवळ शेजारी बसले आहेत. येथे सावधगिरीचा इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. या दोन शब्दांत व्युत्पत्तीचे कसलेही नाते नाही. ध्वनिसाम्यावरून कुळी जुळविण्याचा मोह आपल्याकडे फार आहे आणि त्याने इतिहासाचे नुकसानच झाले आहे. परंतु शब्दांचे रक्ताचे नाते नसले तरी ते ज्या वास्तवाकडे बोट दाखवितात त्या वास्तवात नाते असू शकते. प्रस्तुत लेखात त्या नात्याचाच शोध घ्यावयाचा आहे.

तट आणि कूड

लॅटिन भाषेत भिंतीला एकच शब्द नव्हता. नगराभोवतीच्या किंवा उघड्यावरील भक्कम भिंतीला 'मूरुस' म्हणत, संरक्षक तटबंदीला 'मोएनिया' म्हणत आणि घराच्या भिंतीला 'पारिएस'. पारिएस ही खोली-खोलीला वेगळी करणारी, माणसाच्या रोजच्या वावराला लागून असलेली भिंत होय. या पारिएसपासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'पारिएतालिस' हे विशेषण झाले आणि तेथून पंधराव्या शतकाच्या सुमारास 'पॅरायटल' इंग्रजीत आला. स्पॅनिशमधील 'पारेद', इटालियनमधील 'पारेते' आणि फ्रेंचमधील 'पारवा' हे भिंतवाचक शब्द त्याचेच भाऊबंद. त्या भाषांतील सामान्य माणूस हा शब्द घरात रोज वापरतो. इंग्रजीत मात्र भिंतीला 'वॉल' हा शब्द रूढ असल्याने 'पॅरायटल' विद्वानांच्या कोनाड्यात राहिला. त्यामुळेच तो विरळ आहे.

पालिभाषेच्या अभ्यासकाला हा भेद नवा वाटणार नाही. पालित 'पाकार' म्हणजे प्राकार, तट. 'कुड्ड' आणि 'भित्ति' म्हणजे घराची भिंत. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात ऋद्धींचे वर्णन येते. तेथे कुड्डापलीकडे, पाकारापलीकडे आणि पर्वतापलीकडे अडथळ्याविना जाण्याचा उल्लेख क्रमाने केलेला आहे. ऋद्धींचे सामर्थ्य किती मानावे हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो क्रम : घराची भिंत, नगराचा तट आणि निसर्गाने उभा केलेला डोंगर. सुत्तकर्त्यांच्या मनात या अडथळ्यांची श्रेणी स्पष्ट होती.

हा 'कुड्ड' आपल्या खेड्यांत अजून जिवंत आहे. काठ्या-कामट्या उभ्या करून, त्यांवर शेणमातीचा लेप देऊन जी भिंत करतात तिला आपण 'कूड' म्हणतो. ज्यांचे बालपण कुडाच्या घरात गेले त्यांना पालितील या शब्दासाठी कोश पाहण्याची गरज नाही. विद्वत्तेची भाषा आणि आपल्या आजीची भाषा येथे एकच आहे.

'भित्ति' या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. संस्कृतात 'भिद्' म्हणजे फोडणे, चिरणे, वेगळे करणे. त्यापासून 'भित्ति'. तिचा जुना अर्थ फोडणे, चिरणे असाच आहे. चिरलेल्या बोरूची चटई आणि शेवटी भिंत असे अर्थ त्यामागून आले. त्याच धातूपासून 'भेद' हा शब्द झाला. म्हणजे मराठीतील 'भिंत' आणि 'जातिभेद' यांतील 'भेद' हे खरोखरच एका धातूची लेकरे आहेत. येथे ध्वनिसाम्याचा भास नाही, व्याकरणाने सिद्ध झालेले हे नाते आहे. विनयात ज्याला फार मोठा अपराध मानले आहे तो 'संघभेद' याच धातूतून आला. रोमन लोकांना भिंत म्हटल्यावर घर आठवत असेल. आपल्या भाषांना भिंत म्हटल्यावर विभागणी आठवते.

देहातील भिंती

युरोपातील शरीररचनाशास्त्रज्ञांनी मानवी देहाकडे घर म्हणून पाहिले. कवटीच्या दोन्ही बाजू आणि तिचे छत ज्या दोन रुंद हाडांनी बनते त्यांना त्यांनी 'पॅरायटल' हाडे म्हटले, कारण ती मेंदूच्या घराच्या भिंती होत. भारतीय भाषांतील परिभाषेत त्यांना पुष्कळदा 'पार्श्विक' म्हणतात. अर्थ कळतो, पण भिंत हरवते आणि केवळ बाजू उरते. याउलट वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषाकारांनी मूळ कल्पना जपली आहे. मोहरी, खसखस, पपई यांच्या किंजपुटात बीजके आतील भिंतीला चिकटलेली असतात. त्या रचनेला इंग्रजीत 'पॅरायटल' आणि मराठीत 'तटलग्न' म्हणतात. पिकलेली पपई मधोमध चिरली की पोकळीच्या भिंतीला लगडलेल्या बिया दिसतात. तटलग्न म्हणजे काय ते समजावण्यास एवढे उदाहरण पुरे.

देहात ही भिंत इतरत्रही आहे. फुप्फुसावरणाचे दोन पदर असतात. एक फुप्फुसाला बिलगलेला असतो आणि दुसरा छातीच्या भिंतीला. या दुसऱ्याला 'पॅरायटल' म्हणतात. जठरातील ग्रंथींच्या भिंतीशी असलेल्या ज्या पेशी आम्ल स्रवतात त्याही 'पॅरायटल' पेशीच. त्याच पेशी एक असा घटक निर्माण करतात की ज्याच्यावाचून ब-१२ जीवनसत्त्व शरीरात नीट शोषले जात नाही. भिंतीला लागून राहणाऱ्या या पेशींवर साऱ्या देहाचे रक्त अवलंबून असते.

कवटीच्या त्या दोन भिंती जन्मतः परस्परांना आणि पुढच्या हाडांना जुळलेल्या नसतात, ही गोष्ट प्रत्येक आईला ठाऊक असते. बाळाची टाळू म्हणजे या हाडांमधील मोकळी जागा. साधारणपणे दीड वर्षापर्यंत ती भरून येते. तोवर मेंदूला वाढण्यास अवकाश मिळतो. भिंती आधीच घट्ट जुळल्या असत्या तर आतील मेंदू खुंटला असता.

या हाडांखाली मेंदूचा जो भाग आहे तोही 'पॅरायटल' खंड म्हणून ओळखला जातो. स्पर्शाचे ज्ञान आणि अवकाशाचे भान त्याच्याकडे आहे. उजव्या बाजूच्या या खंडाला इजा झाली तर काही रुग्णांत एक विलक्षण अवस्था उद्भवते. डोळे शाबूत असूनही डाव्या बाजूचे जग त्यांच्या लेखी उरत नाही. ताटातील उजवीकडचे अन्न खाऊन ते ताट रिकामे झाले असे समजतात. दाढी अर्ध्याच चेहऱ्याची करतात. विशेष म्हणजे आपले काही सुटले आहे हेच त्यांना जाणवत नाही. हा देहाचा आजार आहे, नीतीचा दोष नव्हे. रुग्णाविषयी करुणाच बाळगावी. परंतु देह धडधाकट असलेला समाजही अर्धे गाव न पाहता आपले गाव पूर्ण आहे असे समजू शकतो, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

भिंतीवरची चित्रे

आता विद्यार्थिनीच्या लेखाकडे वळू. पुरातत्त्वज्ञ आदिमानवाच्या कलेचे दोन भाग करतात. हाडावर, दगडावर, शिंगावर कोरलेल्या आणि हलविता येण्याजोग्या वस्तू हा एक भाग. गुहेच्या भिंतींवर व छतांवर काढलेली चित्रे हा दुसरा. या दुसऱ्याला फ्रेंच अभ्यासकांच्या परंपरेनुसार 'पॅरायटल' कला म्हणतात.

तिच्या मान्यतेचा इतिहास उद्बोधक आहे. १८७९ मध्ये स्पेनमधील अल्तामिरा गुहेत मार्सेलिनो सान्स दे साउतुओला या संशोधकाच्या लहान मुलीने वर पाहिले आणि छतावरील बैलांची चित्रे प्रथम तिच्या दृष्टीस पडली. ती गवे होती. साउतुओलाने १८८० मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला : ही चित्रे अतिप्राचीन मानवाची आहेत. युरोपातील मान्यवर पंडितांनी तो धुडकावला. रानटी अवस्थेतील माणसाला इतकी प्रगल्भ कला साधणेच शक्य नाही, असा त्यांचा ग्रह होता. साउतुओलावर बनावटपणाचा संशय घेण्यात आला. १८८८ मध्ये तो मरण पावला तेव्हा हा कलंक धुतला गेला नव्हता. पुढे फ्रान्समध्ये १८९५ ते १९०१ च्या दरम्यान तशाच चित्रांच्या गुहा सापडत गेल्या. तेव्हा विरोधकांतील एक प्रमुख पंडित एमिल कार्तायाक याने १९०२ मध्ये आपली चूक जाहीर लेख लिहून मान्य केली.

पुरावा भिंतीवर ढळढळीत असताना पंडितांनी तो का नाकारला? चित्र कोणाचे असू शकते हे त्यांनी चित्र पाहण्यापूर्वीच ठरविले होते. 'हे लोक असे काही निर्माण करूच शकत नाहीत' हा निवाडा आधी आणि तपासणी नंतर, अशी ती रीत होती. ज्या समाजाच्या बुद्धीविषयी असा निवाडा पिढ्यानुपिढ्या आधीच देऊन ठेवला गेला, त्या समाजाच्या अभ्यासकांनी अल्तामिराची ही गोष्ट विसरू नये. कार्तायाकचाही गुण ध्यानात ठेवावा. चूक कबूल करणारा पंडित विरळा असतो.

भारतात विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये भीमबेटकाचे शिलाश्रय अभ्यासकांच्या नजरेस आणले. २००३ मध्ये त्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. महाराष्ट्रात मात्र भिंतीवरील चित्र म्हटले की अजिंठ्याचेच नाव ओठांवर येते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तेथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरून गेला. इंग्रजीत अजिंठ्याच्या चित्रांना 'म्यूरल' म्हणतात. हा शब्द 'मूरुस'पासून, म्हणजे नगराच्या भिंतीपासून निघाला. शत्रूच्या तटावर प्रथम चढणाऱ्या रोमन सैनिकाला जो मुकुट मिळे त्याचेही विशेषण हेच. भिक्खूंच्या निवासातील आतल्या भिंतीवरच्या चित्रांना युद्धभूमीवरचा हा शब्द चिकटावा, हा भाषेचा योगायोग होय. लॅटिनच्या काटेकोर अर्थाने पाहता अजिंठ्याची भिंत 'पारिएस' आहे, माणसांच्या निवासाची भिंत आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सेनासनक्खन्धक हे प्रकरण आहे. त्यात विहाराच्या भिंतींविषयी बारकाईने नियम आहेत. पांढरा, काळा आणि गेरूचा रंग देण्यास तेथे अनुज्ञा आहे. खडबडीत भिंतीवर रंग बसेना, तेव्हा तूस मिसळलेल्या मातीचा लेप देऊन तो गुळगुळीत करण्याची मुभा दिली गेली. अजिंठ्याच्या मातीच्या गिलाव्यातही भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू सापडतात. ग्रंथातील नियम आणि कारागिराचा हात येथे एकमेकांची साक्ष देतात. षड्वर्गीय भिक्खूंनी स्त्री-पुरुषांची चित्रे विहारात काढविली तेव्हा विहार पाहण्यास आलेल्या लोकांनी नापसंती दर्शविली. मग तशी चित्रे निषिद्ध ठरून फुलांची व वेलींची नक्षी मान्य झाली. पुढे पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांच्या अट्ठकथेने जातकांसारखे श्रद्धा वाढविणारे विषय चालतील असा खुलासा केला. अजिंठ्याच्या उत्तरकालीन चित्रांचा काळही साधारण तोच. लोक विहारात फिरत, भिंती पाहत, टीका करीत आणि त्या टीकेची दखल घेतली जाई, ही गोष्ट आम्हांस नियमापेक्षा मोठी वाटते. त्या भिंती लोकांच्या दृष्टीस खुल्या होत्या.

विद्यालयाच्या भिंतीआड

'पॅरायटल'चा आणखी एक उपयोग केवळ अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकात हार्वर्ड महाविद्यालयाच्या इमारतींत राहणाऱ्या अधिकाऱ्यांची 'पॅरायटल समिती' असे. बी. एच. हॉल यांच्या १८५१ च्या महाविद्यालयीन शब्दसंग्रहात तिची नोंद आहे. भिंतीच्या आत राहणारे, म्हणून पॅरायटल. विद्यार्थ्यांच्या शिस्तीवर देखरेख हे तिचे काम. पुढे विसाव्या शतकात हे विशेषण वसतिगृहाच्या नियमांना लागले. मुलांच्या खोलीत मुलींनी आणि मुलींच्या खोलीत मुलांनी किती वाजेपर्यंत थांबावे, दार किती उघडे ठेवावे, असे ते नियम. विद्यार्थी त्यांना नुसते 'पॅरायटल्स' म्हणत. या नियमांमागे महाविद्यालय हे पालकाच्या जागी आहे ही कायद्याची कल्पना होती.

ती कल्पना ढासळली ती कशामुळे? खोलीत किती वाजेपर्यंत थांबावे या भांडणातून तिला पहिला मोठा हादरा बसला नाही. २५ फेब्रुवारी १९६० रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सरकारी महाविद्यालयाचे काही विद्यार्थी न्यायालयाच्या इमारतीतील उपाहारगृहात जाऊन बसले. ते उपाहारगृह फक्त गोऱ्यांसाठी होते. त्यांना जेवण नाकारले गेले आणि नंतर त्यांच्यापैकी काहींना महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले. त्यांचे म्हणणेही ऐकून घेतले गेले नाही. 'डिक्सन विरुद्ध अलाबामा राज्य शिक्षण मंडळ' या खटल्यात १९६१ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की सरकारी महाविद्यालयाला आरोप कळविल्याशिवाय आणि सुनावणी दिल्याशिवाय विद्यार्थ्याला काढता येणार नाही. विद्यार्थी हा पाल्य नसून नागरिक आहे, हे तत्त्व त्यातून रुजले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॅरायटल नियम एकामागून एक गळून पडले. काही धार्मिक विद्यापीठांत ते पुढेही टिकले. ज्यांना उपाहारगृहाच्या भिंतीबाहेर ठेवले होते त्यांच्या लढ्याने भिंतीआतल्यांचेही दार उघडले, हा या इतिहासाचा धडा आहे.

आपल्याकडे वसतिगृहाच्या भिंतीला दुसराही अर्थ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह काढले. ज्या मुलाला गावच्या शाळेत भिंतीबाहेर बसविले जाई, त्याच्यासाठी वसतिगृहाची भिंत म्हणजे प्रथमच मिळालेला आडोसा होता. तेव्हा भिंत ही स्वतः वाईट नाही. भगवान बुद्धांनीही विहाराभोवती विटांचे, दगडांचे किंवा लाकडाचे कुंपण घालण्यास अनुज्ञा दिली होती. ती भिंत कोणाला आसरा देते आणि कोणाला अडविते, हा खरा प्रश्न आहे. मुलींच्या वसतिगृहांना आजही संध्याकाळी लवकर कुलूप लावणाऱ्या संस्थाचालकांनी हाच प्रश्न स्वतःला विचारावा.

गावकुसाबाहेर

मराठीत 'पॅरायटल' या विशेषणाला नेमका प्रतिशब्द नसेल, पण त्याच्या विरुद्धार्थी शब्द आपल्याकडे शतकानुशतके आहे : 'गावकुसाबाहेरचा'. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्य गावाबाहेर का राहतात हा प्रश्न मुळाशी घेतला आणि आपल्या संशोधनाची इमारत त्यावर उभी केली. त्याआधी १९३६ मध्ये त्यांनी बजावले होते, की जात ही विटांची भिंत नव्हे की जी पाडली म्हणजे संपली. ती मनाची अवस्था आहे आणि म्हणून पालट मनात घडावा लागेल.

तरीही मनातील भिंत विटांचे रूप घेतेच. ज्या तमिळ देशाने इंग्रजीला 'पॅराया' हा शब्द पुरविला, तेथे अशा भिंतीला 'तीण्डामै चुवर', म्हणजे अस्पृश्यतेची भिंत, असे नाव आहे. मदुरै जिल्ह्यातील उत्तपुरम येथे दलितांची वाट अडविणाऱ्या अशाच एका भिंतीचा काही भाग मे २००८ मध्ये पाडण्यात आला. कोइमतूर जिल्ह्यातील मेट्टुपाळयम येथे २ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे मुसळधार पावसात एका खाजगी आवाराची उंच भिंत शेजारच्या दलित वस्तीवर कोसळली आणि १७ माणसे झोपेतच गाडली गेली. ही अस्पृश्यतेचीच भिंत होती, असे तेथील दलित संघटनांनी सांगितले. मनाची अवस्था आणि विटांचे वजन ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हे त्या पहाटे दिसले. त्या भिंतीच्या संदर्भात 'तटलग्न' राहणे म्हणजे काय, हे कोणत्याही परिभाषाकोशात सापडणार नाही.

शेवटी एका पालि सुत्ताचा निर्देश करून आम्ही हा लेख पूर्ण करतो. खुद्दकपाठात आणि पेतवत्थूत 'तिरोकुड्ड' नावाचे सुत्त आहे. नावाचा अर्थ 'कुडापलीकडे'. घराच्या भिंतीबाहेर, चौकात, दारापाशी काही जण उभे आहेत. आत अन्नपाण्याची समृद्धी आहे, पण त्यांची आठवण कोणालाच नाही. त्यातील प्रेतकल्पना ज्यांना पटत नाही त्यांनी ती बाजूला ठेवावी. बाबासाहेबांनी दिलेल्या विवेकदृष्टीने तसे करण्यास प्रत्यवाय नाही. परंतु सुत्ताने बाहेर उभे असलेल्यांना कोणत्या शब्दाने ओळखले, तेवढे पाहावे. त्यांना परके म्हटलेले नाही. त्यांना 'ञाति' म्हटले आहे, म्हणजे नातलग.

आमच्या विद्यार्थिनीने आपल्या भाषांतरात 'पॅरायटल आर्ट'ला 'भित्तिकला' हा प्रतिशब्द घातला. तो योग्यच आहे. समासात तिने एक टीप जोडली, की भित्ति आणि भेद यांचा धातू एक आहे. ती टीप आम्ही खोडली नाही.